मूठ थोरल्याची, पातं धाकट्याचं

तलवारीवर दूध ओतू नका. दही, तूप, मध, उसाचा रस, यांतलंही काही ओतू नका. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा' असा फोन केला, तेव्हा मी त्यांना विचारलं, हे एवढंच मोठ्या अक्षरांत पहिल्या पानावर छापाल का? ते हसले. त्यांना वाटलं नाना गंमत करतोय. मी दसऱ्यानंतरचा पंधरवडा ज्या हातांनी काढतो ते हात त्यांनी बघितले असते, तर हसू आलं नसतं.

मी शिकलगार. जळगावात मेहरूणच्या बाजूला माझं दुकान आहे. आत एक शेगडी, एक ऐरण, पाती घासायच्या कुरुंदाच्या पुडीचे डबे आणि भिंतीला टेकवलेल्या लोकांच्या तलवारी. गंज काढायचा, ढिली मूठ पक्की करायची, म्यान बसवायचं, एवढं माझं काम. दारावर पाटी आहे, 'धार लावून मिळणार नाही.' ती पाटी इतकी मोठी आहे की तिच्या सावलीत चहावाल्याची गाडी उभी राहते. माणसं ती पाटी नीट वाचतात, चप्पल काढतात, आत येतात आणि विचारतात, "नाना, धार लावून मिळेल का?"

खानदेशातल्या मराठ्याच्या घरी तलवार असते ती लढायला नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. ती दसऱ्याला पाटावर बसते, नवरदेवाच्या हातात जाते आणि पाहुण्याने 'तुम्ही कुठले?' असं विचारलं की कपाटावरून खाली येते. माणूस कितीही साधा असू दे, तलवार काढून दाखवताना त्याचा आवाज बदलतो, पाठ ताठ होते. मला ते आवडतं. म्हणून तर या धंद्यात राहिलो. पण ज्या वस्तूवर एवढा जीव, तिचे जे हाल ही माणसं करतात, ते शत्रूनेही केले नसते. वर्षभर ओल्या हळदीकुंकवाचे लेप, लिंबू कापून तसंच पात्यावर ठेवलेलं, वरून पंचामृताचा अभिषेक. एकदा एका तलवारीवरचं कुंकू मी खरवडून काढलं, त्यात दोन गावांतल्या बायकांची वर्षभराची सोय झाली असती. कुंकवाखाली गंज, गंजाखाली पुन्हा कुंकू. मला तर शंका आली होती की आत तलवार आहे की नाही.

एकाने पणजोबांची तलवार मोटारीचे बंपर चकचकीत करणाऱ्याकडे दिली. परत आली ती आरशासारखी. जुन्या पोलादाच्या पात्यात पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी असते, ती कायमची गेली. तो मला दाखवून म्हणतो, "नाना, बघा, दाढी करता येईल हिच्यात बघून!" मी म्हटलं, "करा. आता तेवढ्याच कामाची आहे."

दुसऱ्याने मोबाइलवरून नवी कोरी तलवार मागवली आणि 'जुनी करून द्या' म्हणून माझ्याकडे आला. मी नाही म्हटल्यावर त्याने घरच्या घरी उपाय केला. केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याने केळीचे खांब चिरून टिपडंभर चीक काढला आणि तलवार त्यात बुडवून ठेवली. तलवार होती तशीच राहिली. त्याचे दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत असे काळे झाले की चारशे वर्षांपूर्वीचे दिसत होते.

आणि फैजपूरचे ते गृहस्थ! त्यांच्याकडची सरळ पात्याची तलवार अस्सल होती. मी घासली तर पात्यावर परदेशी अक्षरं उमटली. माणूस पांढराफटक पडला. "आमच्या घराण्याच्या तलवारीवर फिरंगी अक्षरं? घासून टाका." मी समजावलं, अहो, तशी पाती जहाजातून यायची, आपले लोक हौसेने घ्यायचे आणि मूठ आपल्या पद्धतीची बसवायचे. म्हणून तर तिला फिरंग म्हणतात. ही अक्षरं आहेत म्हणून तुमची तलवार खरी. पण तुमच्या घराण्याने ती मिरवली, तेव्हाच ती मराठ्याची झाली ना? त्यांना पटेना. पुढे कळलं की त्यांनी त्या अक्षरांवर मोटारीच्या काचेला लावतात तसलं भगवं स्टिकर चिकटवलं आहे. मी त्या रात्री जेवलो नाही. बायको म्हणाली, वजन तरी उतरेल.

पण हे सगळे परवडले. ज्या दोघांनी माझ्या डोक्यावरचे अर्धे केस पांढरे केले आणि उरलेले उपटायला लावले, ते चोपड्याकडचे सख्खे भाऊ. थोरला दगाआबा, धाकटा हिलालभाऊ. दोघांच्या केळीच्या बागा एकमेकींना लागून आणि तोंडं एकमेकांविरुद्ध.

वडील गेल्यावर वाटणी झाली. जमीन, विहीर, ट्रॅक्टर, म्हशी, सगळं सुरळीत वाटलं गेलं आणि गाडं तलवारीपाशी अडलं. दगाआबा म्हणे, थोरल्याकडे शस्त्र असतं. हिलालभाऊ म्हणे, बापाचं शेवटचं मी केलं. पंच दमले. त्यांतल्या एका महाभागाला भूक लागली असावी, कारण त्याने उठता उठता सांगितलं, "मूठ थोरल्याले, पातं धाकल्याले. चला, जेवाले बठा." आणि दोघांनी ते मान्य केलं!

बाहेरच्यांसाठी सांगतो. तलवारीची मूठ आतून पोकळ असते. तिच्यात लाख भरतात, पात्याची मागची निमुळती शेपटी तापवून आत खुपसतात आणि लाख थंड झाली की दोन्ही एकजीव होतात. सोडवायचं तर मूठ तापवायची, लाख वितळते, पातं ओढून काढायचं. निघतं खरं, पण प्रत्येक वेळी शेपटी थोडी झिजते. ही गोष्ट दहा-वीस वर्षांतून एकदा करायची असते. हे दोघं दर दसऱ्याला करायला लावत. सकाळी जोडा, पूजा होऊ दे, संध्याकाळी तोडा. एका वर्षी पूजा याच्या घरी, दुसऱ्या वर्षी त्याच्या. ज्याच्या घरी पूजा नाही, तो रस्त्यावर उभा राहून आपला अर्धा भाग सुखरूप आहे का, ते खिडकीतून बघायचा.

एकमेकांशी बोलायचे नाहीत. माझ्या दुकानात दोन स्टुलं, मधे मी.

"नाना, त्याले सांगा, पातं पुशीसन आन."

तो हाताच्या अंतरावर बसलेला. तरी मी सांगायचं, "हिलालभाऊ, पातं पुसून आणा म्हणतात."

"त्याले सांगा, मूठले चुना लागेल शे. तंबाखू खास आनि तोच हात लावस."

"दगाआबा, मुठीला चुना..."

"आयकं मी! मी काय बहिरा शे का?"

मग मला कशाला मधे बसवता रे बाबांनो? ऐरण तरी हातोडा एका बाजूने खाते, मी दोन्ही बाजूंनी खायचो.

त्यात दगाआबाच्या मुलीचं, हर्षदाचं, लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा. आता लग्न म्हटलं की देवक आलं. मराठ्यांच्या प्रत्येक कुळाचं देवक वेगळं. कुणाचं कळंबाची फांदी, कुणाचं मोरपीस. मांडवात देवक बसल्याशिवाय लग्न लागत नाही. या घराचं देवक काय असावं? तलवारीची धार! मी कपाळावर असा हात मारला की शेजारचा पंक्चरवाला टायर फुटला म्हणून धावत आला.

त्याच आठवड्यात दगाआबा एकटा आला. पिशवीतून मूठ काढली आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्प्रिंगची एक पट्टी काढली. "नाना, मना मूठमा हाई पट्टी बसाडी द्या. मी त्याना पाय धराले जाऊ नही."

"आबा, देवक धारेचं आहे. ही पट्टी पपई कापणार नाही."

"बाप्पाले काय समजस?"

दुसऱ्या दिवशी हिलालभाऊ. पातं काखेत. "नाना, धार मनाकडे शे म्हंजे देवक मनाकडे शे. मूठ म्हंजे काय, कढईना कान! याले दुसरी मूठ बसाडा. मी मना घर देवक बसाडसू."

"तुमच्या घरी लग्न कुणाचं आहे?"

"कोनंच नही. देवक तं बसाडसू!"

म्हणजे एका तलवारीच्या दोन अर्ध्या खोट्या तलवारी होणार आणि दोघं भाऊ आपापल्या घरी छाती काढून बसणार. मी दोघांना 'बघतो' म्हणून सांगितलं. आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे 'आता निघा'.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी स्कूटरवरून आली. केळीची रोपं तयार करतात तसल्या लॅबमध्ये नोकरीला होती. नखं स्वच्छ, नजर थेट.

"नाना, मी हर्षदा. दगाआबांची. त्या दोघांनी काय सांगितलं ते मला माहीत आहे. दोन्ही करू नका."

"मी करणारच नव्हतो, बाई. पण तुझं देवक?"

"देवक पुरं बसलं नाही तर आबा लग्न लागू देणार नाहीत," ती म्हणाली. "आणि काका मांडवात नसला, तर मी लागू देणार नाही."

"काकावर एवढा जीव?"

"मला ट्रॅक्टर काकाने शिकवला. आबांनी नको म्हटलं होतं. मी बांध फोडून विहिरीच्या काठापर्यंत गेले, तरी तो शेजारी बसून राहिला, उडी नाही मारली." मग म्हणाली, "आबा त्याला बोलवत नाहीत. तो बोलावल्याशिवाय येत नाही. आणि पाहुण्यांना पत्रिका गेल्या आहेत."

तिचे डोळे भरले नव्हते. भरले असते तर मी काहीतरी गोड बोलून वाटेला लावली असती. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि असं बघणाऱ्या माणसाला मी फार घाबरतो.

मग मी एक शास्त्र काढलं. आपल्याकडे 'शास्त्र आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न बंद होतो, हे मला तलवारीवरच्या दुधाने शिकवलं होतं. मी दगाआबाला फोन केला. "आबा, देवकाची तलवार दुकानात जोडलेली चालत नाही. मांडवातच जोडायची. आणि मूठ मुठीवाल्याने स्वतःच्या हातात धरायची." मग हिलालभाऊला. "भाऊ, देवकाचं पातं दुसऱ्याच्या हाती दिलं की धार जाते. पात्यावाल्याने स्वतःच उभं राहायचं. शास्त्र आहे."

"कोनं बलाव्हं?" त्याने विचारलं.

"मी. शिकलगाराचं बोलावणं देवकाचं बोलावणं असतं."

तेही शास्त्रच. तोपर्यंत माझा हात चांगला बसला होता.

लग्न मे महिन्यात. त्या दिवसांत चोपड्याकडे ऊन असं असतं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात. मी शेगडी, निखारे आणि लाख घेऊन मांडवात बसलो. दगाआबा मूठ घेऊन आला. हिलालभाऊ पातं नव्या फडक्यात गुंडाळून मांडवाच्या दारापर्यंत आला आणि थांबला. हर्षदा हळदीच्या अंगाने उठली, काही न बोलता काकाचा दंड धरला आणि ओढत आत आणला. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलीचा हात तो. काकाची काय टाप!

मी पात्याची शेपटी बघितली. दरवर्षीच्या ओढाताणीने ती उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. यापुढे ओढली तर तुटणार, आणि आज नीट बसली नाही तर पूजेतच मूठ हातात येणार. मी लाख भरली, शेपटी लाल केली, आत खुपसली. सरळ बसली. देवाचे आभार मानले आणि लगेच चेहरा गंभीर केला.

"या उन्हात लाख लवकर बसत नाही," मी म्हटलं. "दोघांनी धरून ठेवा. आबा मूठ, भाऊ पातं. दोन्ही हातांनी. हलली तर देवक वाकडं बसेल."

दोघं समोरासमोर उभे. मधे तलवार. इतकी वर्षं मधे मी असायचो. बायकांनी गाणी धरली, भटजींनी मंत्र धरले.

"वर धर," दगाआबा हवेत बघून म्हणाला.

"वरच धरेल शे," हिलालभाऊ मांडवाच्या खांबाला म्हणाला. "कोन्ही तरी खाले वाकी ऱ्हायनं."

लाख केव्हाच दगड झाली होती. मी शेगडीकडे बघत मान हलवत राहिलो. हर्षदाने विचारलं, "नाना, बसली का?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाली, "बसू द्या सावकाश. घाई नाही." पोरगी मला पुरून उरणारी होती.

घामाच्या धारा लागल्या. हळद, गूळ, घाम, त्यात एक माशी आली आणि दगाआबाच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. आबाने नाक उडवलं, भुवया उडवल्या, कान हलवले. माणसाला कान हलवता येतात हे मी त्या दिवशी पाहिलं. माशी ढिम्म. हात तर सोडता येईनात. आबाचं तोंड लाल, निळं, जांभळं झालं. शेवटी त्याने भावाच्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाला,

"हिलाल. माशी."

हिलालभाऊने त्या माशीकडे बराच वेळ निरखून बघितलं.

"दखस ना," तो म्हणाला. "पन हाई वाटनीमा कोनाले उनी?"

आणि गाल फुगवून अशी फुंकर मारली की माशीबरोबर आबाची टोपी गेली.

मांडव फुटला. बायका गाणं विसरल्या, भटजी मंत्र विसरले. हर्षदा हसता हसता खाली बसली. दोघं मात्र हसले नाहीत, मराठे ना! हिलालभाऊचे खांदे तेवढे गदगदत होते आणि त्यामुळे तलवार हलत होती, म्हणून दगाआबा ओरडला, "हालू नको रे!"

थोड्या वेळाने मला कुजबुज ऐकू आली.

"तुना बागमा करप्या उना का?" हिलालभाऊ विचारत होता.

"उना. तुना?"

"मनाबी. बठ्ठा पानं पिवळा व्हयी ग्यात."

"फवारा माऱ्या का?"

"मारा. काही फायदा नही."

"माले सांगाले जोयजे व्हतं." आबाने खांद्याला कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाला, "तुना हात दुखी ऱ्हायना व्हयी."

"नही. तुना?"

"नही."

तलवार दोघांच्या मधे हळूहळू खाली येत होती. कुणी सोडेना. पूजा झाली, अक्षता पडल्या, मी 'बसली' म्हणून सांगितलं, तरी पहिल्यांदा सोडायचं कुणी यावरून आणखी बराच वेळ गेला. देवक असं बसलं की तसं त्या गावात कुणाचं बसलं नसेल. संध्याकाळी लग्न लागल्यावर हर्षदा काकाच्या गळ्यात पडून रडली आणि धुळ्याला गेली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण तिसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानात हजर. एकाच मोटरसायकलवरून आलेले. दोन स्टुलांवर बसले आणि एका सुरात म्हणाले, "नाना, तोडा."

"एका गाडीवरून आलात! सगळी वाट गप्पा मारत आलात! मग तोडायचं कशाला?"

"वाटनी ती वाटनी," दगाआबा म्हणाला.

"तुमच्या आजोबांनी धरलेली तलवार आहे ती, भाकरी नाही!" मी ओरडलो. शेजारचा पंक्चरवाला या वेळी आलाच नाही, त्याला सवय झाली होती. "आत उंदराची शेपटी उरली आहे, आबा. आता तापवून ओढली तर तुटेल. मग मूठ तुम्ही ठेवा, पातं यांनी ठेवावं, आणि यापुढे तुमच्या घरातल्या पोरांची लग्नं स्प्रिंगच्या पट्टीवर लावा. मी हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाकडे नेलीत, तर मी हर्षदाला फोन करीन."

शेवटच्या वाक्याने काम केलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तलवार उचलली आणि गेले. मी चहा मागवला. पहिला घोट घेतोय तोच फोन. चौकातल्या पोलिसचौकीतून. दोन म्हातारे मोटरसायकलवर उघडी तलवार घेऊन चालले होते, मागचा ती झेंड्यासारखी उभी धरून बसला होता, आणि विचारलं तर तुमचं नाव सांगतात.

धावत गेलो. दोघं बाकावर, तलवार टेबलावर, समोर साहेब.

"शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले. "तलवार कोणाची?"

आणि ज्या दोन माणसांनी त्या तलवारीसाठी पंच दमवले, मला जिवंत भाजलं, ते दोघं एकमेकांकडे बोट दाखवून एकदम म्हणाले, "यानी!"

मी पुढे झालो. "साहेब, दोघांची आहे," म्हटलं. "ह्यांच्या कुळाचं देवक आहे. परवाच लग्नात बसलं." मोबाइलवर मांडवातला फोटो दाखवला: दोघं समोरासमोर, मधे तलवार, आबाच्या डोक्यावर टोपी नाही. साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. ओठ दाबून धरले. मग आवाज चढवून म्हणाले, "म्यानात घाला, कापडात गुंडाळा, सरळ घरी जा. पुन्हा अशी रस्त्यावर दिसली तर दोघांनाही आत टाकीन. एकाच कोठडीत!"

हिलालभाऊने हात जोडले. दगाआबाने मात्र गजांकडे वळून कोठडी नीट निरखली आणि विचारलं,

"साहेब, खिडकीकडनी बाजू थोरल्यानी ना?"

"थोरल्यानी कसी काय?" हिलालभाऊ उसळला. "माले वारा लागस!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, तुमचा आज पहिलाच दिवस आहे."